राजा देव की दंडपात्र? मनू घ्यावा की महाभारत?

वडोद्याच्या दांडिया बाजारात गणेशोत्सवात ‘राजा आणि देव’ यावर बोलायचंय, मनुस्मृती घेऊ की महाभारत, असं भाचीने विचारलं.

तयारीला मनू सोपा, सातवा अध्याय पुरतो. राजा पोर असला तरी त्याचा अवमान करू नये, ती नररूपातली थोर देवता. पण त्याच अध्यायात वेन राजा अविनयाने नाश पावल्याचंही आहे. कुणी तेवढंच विचारलं की पंचाईत!

महाभारतातलं शांतिपर्व अफाट, शोधाशोध फार. तिथे मात्र विरोध उघड मांडलाय: ऋषी मंत्रलेल्या कुशांनी (दर्भाच्या काड्यांनी) वेनाला मारतात, त्याच्याच उजव्या हातातून नवा राजा पृथू निघतो आणि त्याच्यात विष्णू शिरतो. अनुशासनपर्व तर रक्षण न करणाऱ्या राजाला पिसाळलेल्या कुत्र्यासारखं मारा म्हणतं. (हे आजोबामंडळींसमोर जरा जपून.)

दहाच मिनिटं असतील तर मनू, वेनासकट. प्रश्नोत्तरं असतील तर महाभारतच.