दिवाणखान्यासाठी लाल कॅनव्हास: चित्र चांगले, काठ निराशाजनक

लाल रंगाचे मोठे चित्र भिंतीवर लावायचे, तर खोलीतील बाकीच्या वस्तू आपोआप मागे पडणार, याची तयारी ठेवावी लागते. ऑनलाइन मागवलेल्या ज्या छापील कॅनव्हासविषयी येथे लिहीत आहे, तो 120 बाय 80 सेंटिमीटरचा असून त्यात डाळिंबी पार्श्वभूमीवर शेंदरी रंगाचे रुंद फटकारे आहेत आणि खालच्या बाजूला जवळजवळ काळपट तांबड्या रंगाची एक आडवी पट्टी आहे. आकृती नाही, मजकूर नाही; चित्राची सारी भिस्त रंगावर आहे.

दिवसाच्या उजेडात हा रंग समाधान देतो. डाळिंबी छटेला खोली आहे आणि जवळून पाहिले तरी कॅनव्हासची वीण छपाईखाली बुजलेली नाही. शेंदरी फटकारे मात्र संकेतस्थळावरील छायाचित्राच्या मानाने मंद वाटतात. नेहमीच्या चार शायांच्या छपाईत लाल रंग मॅजेंटा आणि पिवळ्या शाईच्या मिश्रणातून साधला जातो, तर पडद्यावरचा लाल स्वतःच्या प्रकाशाने उजळलेला असतो. त्यामुळे एवढा फरक गृहीत धरूनच मागणी नोंदवावी.

खरी परीक्षा दिवे लागल्यावर होते. पांढऱ्याशुभ्र एलईडीखाली हेच चित्र विटकरी आणि मरगळलेले दिसू लागले, तेव्हा पहिला संशय छपाईवर आला; पण 2700 केल्विनचा (उबदार, पिवळसर उजेडाचा), 90 हून अधिक सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात हे सांगणारा, कमाल 100 असलेला आकडा) असलेला दिवा लावताच डाळिंबी रंग पूर्ववत झाला. सीआरआयचा नेहमीचा आकडा आठ सौम्य रंगनमुन्यांच्या सरासरीवरून काढतात आणि त्यांत गडद लाल नसतो. तो आर9 या वेगळ्या आकड्यात मोजला जातो. म्हणूनच 80 सीआरआयचा दिवा कागदोपत्री ठीक असूनही लाल चित्राला न्याय देईलच असे नाही. तिन्हीसांजेला, दिवा लावण्याआधी, हे चित्र खोलीतील इतर रंगांच्या आधी काळवंडते, कारण मंद उजेडात डोळ्यातील ज्या पेशी काम करतात त्यांना लाल प्रकाश फारसा जाणवत नाही. त्यात विक्रेत्याचा दोष नाही.

‘रंग कधीही न उडणारी शाई’ हा दावा मात्र तपासून पाहण्यासारखा आहे, कारण शाई रंगद्रव्याची आहे की विरघळणाऱ्या रंजकाची, हे माहितीत कोठेही दिलेले नाही आणि टिकाऊपणा बऱ्याच अंशी त्यावरच ठरतो. लाल रंगाने नामवंतांनाही दगा दिला आहे: अमेरिकी चित्रकार मार्क रॉथको यांनी हार्वर्ड विद्यापीठासाठी रंगवलेली भित्तिचित्रे 1964 मध्ये भरपूर सूर्यप्रकाश येणाऱ्या भोजनकक्षात लावली गेली, त्यांतील लिथॉल रेड हे रंगद्रव्य उजेडाने उडाले आणि 1979 पर्यंत ती सर्व उतरवावी लागली. खिडकीतून थेट ऊन पडणाऱ्या भिंतीवर हा कॅनव्हास लावण्याचे धाडस मी तरी करणार नाही.

बांधणीत हे उत्पादन कमी पडते. चौकट लाकडी आणि सरळ आहे, परंतु कोपऱ्यांवर कापड दुमडताना शाईला तडे गेले असून त्यांतून पांढरे धागे डोकावतात. गडद लाल रंगात ते सोफ्यावर बसल्या जागेवरूनही खुपतात. मागे टांगण्यासाठी मधोमध एकच दातेरी पट्टी आहे, जी एवढ्या रुंद चित्राला अपुरी पडते आणि दार जोरात लागले की चित्र तिरके होते. दोन्ही बाजूंना स्वतंत्र हुक बसवल्यावर ही तक्रार मिटली.

लावताना चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 145 ते 150 सेंटिमीटरवर ठेवावा. सोफ्याच्या वर लावायचे असल्यास पाठीपासून 15 ते 20 सेंटिमीटर अंतर पुरते. किंचित पिवळसर पांढरी किंवा राखाडी भिंत या रंगाला मानवते. याच छटेच्या उशा आणि पडदे सोबत घेण्याचा मोह टाळावा, नाहीतर घर विक्रीदालनासारखे दिसू लागते.

किंमत आणि दर्जा यांचा मेळ घालता पाचपैकी साडेतीन गुण देईन. अर्धा गुण शाईबद्दलच्या मौनासाठी आणि एक कोपऱ्यांसाठी कापला आहे. हेच चित्र लहान आकारातही मिळते, पण तेथे खालची काळपट पट्टी छाटली गेली असल्याने ते घेऊ नये.