दोन शनिवार, बाराशे रुपये आणि एक अर्धवट राहिलेला प्रश्न

स्वतःच्या वापरापुरते अमली पदार्थ जवळ बाळगणे गुन्हा मानले नाही, तर नेमके काय घडते, या विषयावर दादर पश्चिमेला भरलेल्या अभ्यासवर्गाला मी गेल्या महिन्यात गेलो होतो. दोन शनिवार मिळून सहा तास आणि शुल्क १,२०० रुपये. मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयात लिपिक म्हणून उभी नोकरी केल्यामुळे गर्दुल्ल्यांची प्रकरणे माझ्या टेबलावरून सतत जात असत. त्यामुळे माझे मत थोडे कडक वाटले, तर वाचकांनी ते समजून घ्यावे.

पहिल्या शनिवारचा पहिला तास वाया गेला, असे म्हणावे लागते. व्यक्तिगत वापर गुन्ह्यातून वगळणे म्हणजे विक्रीला परवानगी देणे नव्हे, हा फरक दहा मिनिटांत सांगता आला असता. त्यानंतरचा पोर्तुगालचा भाग मात्र उत्तम होता. तेथे १ जुलै २००१ पासून दहा दिवसांच्या वापराइतका साठा जवळ बाळगणे फौजदारी गुन्हा राहिला नाही. सापडलेल्या व्यक्तीला न्यायालयाऐवजी तीन सदस्यांच्या समितीपुढे नेले जाते, आणि विकणाऱ्याला मात्र पूर्वीप्रमाणेच शिक्षा होते. सुई टोचून नशा करणाऱ्यांमधील एचआयव्हीच्या नव्या लागणी पुढे खूप घटल्या. त्याच काळात मेथाडोनचे (हेरॉइनऐवजी देखरेखीखाली दिल्या जाणाऱ्या औषधाचे) उपचार आणि वापरलेल्या सुयांच्या बदल्यात नव्या सुया देणेही वाढल्यामुळे सगळे श्रेय एकट्या कायद्याला देता येत नाही, हे व्याख्यात्यांनी आपणहून सांगितले, ते मला आवडले. छापील टिपणांतला रंगीत आलेख मात्र काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर आल्याने कोणती रेघ कोणत्या देशाची, ते शेवटपर्यंत कळले नाही.

दुसऱ्या शनिवारचे ओरेगॉनवरील व्याख्यान हा वर्गाचा सर्वांत मोलाचा भाग. अमेरिकेतील या राज्याने नोव्हेंबर २०२० मध्ये मतदानाने असाच बदल मंजूर केला आणि तो १ फेब्रुवारी २०२१ रोजी लागू झाला. शिक्षा १०० डॉलर दंडाची, आणि हेल्पलाइनला फोन करून आरोग्यविषयक चाचपणी करून घेतल्यास तोही माफ. फोन करणारे अगदी थोडे निघाले आणि उपचारांसाठीचा पैसा केंद्रांपर्यंत उशिरा पोहोचला. लोक वैतागले, आणि १ सप्टेंबर २०२४ पासून बाळगणे पुन्हा गुन्हा ठरले. अतिसेवनाने होणारे मृत्यू वाढले, हे खरे. पण नेमक्या त्याच काळात फेंटानिल हा हेरॉइनहून कितीतरी जहाल कृत्रिम अमली पदार्थ तेथे पसरला होता, आणि त्याचा प्रसार हिशेबात धरला की कायद्यामुळे मृत्यू वाढल्याचे दिसत नाही, असे २०२४ मधील एका अभ्यासात आढळले. ‘नंतर घडले’ आणि ‘त्यामुळे घडले’ यांतील हा फरक इतक्या सोप्या भाषेत मी प्रथमच ऐकला.

भारतीय कायद्याच्या वाट्याला मात्र जेमतेम वीस मिनिटे आली, आणि माझी खरी तक्रार हीच आहे. आपल्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात ‘अल्प प्रमाण’ हेरॉइनसाठी ५ ग्रॅम आणि गांजासाठी १ किलो आहे. ते शिक्षा कमी करते, गुन्हा पुसत नाही. पोर्तुगालची मर्यादा हेरॉइनला १ ग्रॅम आणि गांजाला २५ ग्रॅम होती. म्हणजे उद्या कोणी आपले अल्प प्रमाणच सुटकेची रेषा म्हणून धरले, तर किलोभर गांजा घेऊन फिरणारा छोटा विक्रेताही व्यसनी म्हणून सुटेल. मुंबईत बसून हा मुद्दा निघत नाही, याचे नवल वाटले. कलम ६४ अ नुसार व्यसनी आरोपी स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेण्यास तयार झाल्यास त्याला खटल्यातून संरक्षण मिळू शकते, ही तरतूद तर एका वाक्यात उरकली. माझ्या अनुभवात आरोपी कलम २७ (अमली पदार्थाचे सेवन) खाली गुन्हा कबूल करी, दंड भरी आणि काही महिन्यांनी पुन्हा दिसे; ६४ अ चा अर्ज क्वचितच येई.

अखेरीस प्रश्न चिठ्ठीवर मागवले होते. न्यायालयाने ज्याला सोडायचे, त्याला दुसऱ्याच दिवशी घेऊन जाण्यासाठी या शहरातील व्यसनमुक्ती केंद्रांत खाटा किती आहेत, असे मी लिहिले होते. वेळ संपल्याने चिठ्ठी वाचली गेली नाही.

पुढची तुकडी निघाल्यास नाव जरूर नोंदवावे. पहिल्या दिवशी तासभर उशिरा पोहोचले तरी फारसे काही चुकणार नाही. टिपणे रंगीत मिळतील का, हे मात्र आधी विचारून घ्यावे.