पासवर्ड बदलला, तरी माझे मेल चोराकडे जातच राहिले

वास्तुविशारदाच्या नावाने आलेल्या बनावट मेलवर विसंबून मी आधी 2,50,000 आणि नंतर 1,34,500, असे एकूण 3,84,500 रुपये भलत्याच खात्यात भरले. ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असे सांगणारे मेल कशासाठी येतात, हे मलाही ठाऊक होते. पण या मेलखाली आमचा आधीचा सगळा पत्रव्यवहार जोडलेला होता, बिलाची रक्कम रुपयापर्यंत बरोबर होती आणि शेवटी एक ओळ होती : “आईंची शस्त्रक्रिया नीट पार पडली असेलच.”

त्या ओळीपाशी मी थांबायला हवे होते. आईच्या शस्त्रक्रियेबद्दल मी वास्तुविशारदांना चकार शब्दाने कळवलेले नव्हते. लिहिले होते ते फक्त भावाला, मेलमधून; म्हणजे चोर माझे मेल वाचत होता. जी गोष्ट त्यांना ठाऊक असणे शक्यच नव्हते, ती वाचून मला त्यांचे सौजन्य वाटले, हे आठवले की आजही अंगाची लाही होते. पत्त्यातले एक अक्षर बदललेले होते; परंतु मोबाइलवर पाठवणाऱ्याचे नावच तेवढे ठळक दिसते, आणि रुग्णालयात रात्री जागवणाऱ्या माणसाने नावामागचा पत्ता उघडून अक्षरे तपासावीत, ही अपेक्षा करणाऱ्यांनी आधी स्वतःला विचारावे की आपण हे कितीदा केले आहे.

माझा पासवर्ड कोठून फुटला, ते कळले नाही. तोच पासवर्ड मी जुन्या काही संकेतस्थळांवरही वापरला होता. तुम्ही वापरू नका. याहू या मेल कंपनीत 2013 मध्ये झालेल्या चोरीच्या तावडीत सर्वच्या सर्व, म्हणजे तीन अब्ज खाती आली होती, हे 2017 मध्ये जाहीर झाले, यावरून आपला पासवर्ड आपल्या नकळत किती काळ परक्याच्या हाती असू शकतो ते समजावे.

खरा संताप पुढेच आहे. मी पासवर्ड बदलला आणि निर्धास्त झाले. पण चोराने सेटिंग्जमध्ये माझे मेल परस्पर त्याच्याकडे वळवण्याचा नियम करून ठेवला होता आणि पासवर्ड बदलल्याने तो नियम जात नाही. त्यामुळे बँकेला व पोलिसांना पाठवलेल्या तक्रारींची उत्तरेही आधी त्यालाच मिळत होती. फॉरवर्डिंग, फिल्टर, लॉगिन असलेली उपकरणे, परवानगी दिलेली अ‍ॅप्स आणि खाते परत मिळवण्यासाठी दिलेला पत्ता, हे सगळे आजच उघडून पाहा; दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डखेरीज ओळखीचा दुसरा पुरावा मागणारी सोय, नसेल तर ती आधी सुरू करा.

बँक म्हणाली, व्यवहार तुम्हीच मंजूर केला आहे. खातेदाराचे नाव वेगळेच होते, ते कोणी का तपासले नाही, या प्रश्नाला उत्तर नाही. पोलिसांनी मेल कंपनीकडे बोट दाखवले, आणि कंपनीकडून माणसाने लिहिलेली एक ओळही आली नाही. आली ती आपल्या पत्रव्यवहाराची सुरक्षितता आपल्याच हाती असल्याची ठरावीक सूचना. जबाबदारी माझी, हे मान्य. पण पैसे कोठे गेले हे ज्यांना दिसते, त्यांची काहीच नाही?

शिवाय त्या पेटीत केवळ माझी पत्रे नव्हती. भावाची खासगी पत्रे, आईचे वैद्यकीय अहवाल, मैत्रिणींनी विश्वासाने पाठवलेल्या ओळखपत्रांच्या प्रती, सारे त्याने वाचले असणार. त्या सर्वांना मी मेलने नव्हे, फोन करून कळवते आहे, आणि माझ्या नावाने पैशांबाबत काहीही आले तर उत्तर न देता थेट मला फोन करा, असे बजावते आहे.