मागच्या पायांचा आधारपट्टा, आठ महिन्यांनंतर: पट्टा चांगला, मांडीतला काठ वाईट

म्हाताऱ्या कुत्र्याच्या मागच्या पायांना आधार देणाऱ्या या पट्ट्याचं उजव्या बाजूचं बक्कल आठव्या महिन्यात तुटलं, म्हणून हा अनुभव आता लिहिते आहे. बक्कलाबद्दल तक्रार नाही, तसलं बॅग दुरुस्त करणाऱ्याकडे तीस-चाळीस रुपयांत मिळतं. तक्रार आहे ती मांडीच्या वेढ्यांच्या आतल्या काठाची. ३,२०० रुपयांच्या वस्तूत तिथेच कंजुषी का करावी, हे मला अजून कळलेलं नाही.

हा दोन मांड्यांत अडकणारा आणि पाठीवर हँडल असलेला प्रकार. पोटाखालच्या झोळीबद्दल पुढे लिहिते. वापर नर लॅब्रॅडोरवर: वय साडेअकरा, सुरुवातीचं वजन ३४ किलो, दोन्ही खुब्यांचा संधिवात एक्स-रेत स्पष्ट. लिफ्ट नसलेल्या इमारतीचा पहिला मजला, दिवसातून चार वेळा खाली जाणं.

आता तो काठ. वेढ्याच्या आत मऊ जाळी आहे, पण कडेला नायलॉनची फीत दुमडून शिवली आहे आणि तिची शिवण नेमकी जांघेकडे येते. तिथे केस विरळ, कातडी पातळ आणि प्रत्येक पावलाला घडी पडते. दहा-बारा मिनिटांच्या फेरीत काही दिसत नाही. वीस मिनिटांनंतर कातडी लाल होते आणि रोज वापरलं तर चौथ्या-पाचव्या दिवशी सोलवटते. नर कुत्र्यात भर पडते ती लघवीची. वेढ्याचा पुढचा भाग भिजतो आणि ओला नायलॉन कोरड्यापेक्षा जास्त घासतो. कातडी खराब झाली की कुत्रा पट्टा पाहूनच मागे सरकतो आणि माणसांना वाटतं, दुखणं वाढलं.

कंपनीला फोटो पाठवले तर उत्तर आलं, ‘साइझ चुकली असेल.’ मांडीचा घेर ४२ सेंमी, त्यांच्याच तक्त्यात ती साइझ ३८ ते ४६. तसं कळवल्यावर पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट देऊ केली. पुढची खरेदी कशाला करू?

उपाय घरगुतीच निघाला. ब्लेडने फितीची शिवण उसवायची, काठ बाहेरच्या अंगाला दुमडायचा आणि वरून जुन्या फ्लॅनेलच्या चादरीची पट्टी मशीनवर मारून घ्यायची. सगळी शिवण बाहेर राहिली पाहिजे, आत एकही टाका नको. बॅगवाल्याने १२० रुपये घेतले. शिवाय प्रत्येक वेढ्यावर चढवायला सुती खोळी दोन जोड करून घेतल्या, काठापलीकडे दोन्ही बाजूंना तीन सेंमी येतील एवढ्या रुंद. ओली झाली की खोळ बदलायची, अख्खा पट्टा धुवायचा नाही. पावसाळ्यात याचं महत्त्व कळतं. जुलैत पट्ट्याचं जाड अस्तर दोन दिवस वाळत नाही, आणि दमट पट्टा घातला तर जांघेत बुरशी होते. वेल्क्रोत लॅबचे केस अडकून पकड सैल पडते. आठवड्यातून एकदा उवांच्या फणीने ते विंचरून काढावे लागतात.

जूनपर्यंत माझं मत ‘घेऊ नका’ असं पक्कं होतं. ते बदललं, कारण निम्मी चूक उचलण्याच्या पद्धतीत होती.

आपण हँडल धरून कुत्र्याचा मागचा भाग जवळजवळ उचलतो. मग सगळं वजन पुढच्या पायांवर आणि खांद्यांवर जातं, मागचे स्नायू काम करेनासे होतात आणि वेढा जांघेत रुततो. आधार एवढाच हवा की मागची नखं जमिनीवरच राहतील, पाठ सरळ दिसेल आणि पाय स्वतः पाऊल टाकत असतील. हँडलचा पट्टा आपण ताठ उभे असताना हात कोपरात किंचित वाकेल इतका लांब ठेवायचा. आखूड ठेवला की आपण वाकतो आणि नकळत वर ओढतो. शेजारी, त्याच्या खुब्याच्या रेषेत चालायचं. जिना चढताना आपण एक पायरी खाली, त्याच्या मागे, आणि हात वर-पुढे. उतरताना हात फक्त ताणलेला, वजन तोलायला नव्हे तर घसरण थांबवायला. झोपेतून उठल्याबरोबर जिना नको. आधी सपाट जागेवर दोन मिनिटं चालू द्यायचं, सांधे सकाळी आखडलेले असतात.

मांडीचा घेर दर महिन्याला मोजा, कुत्रा उभा असताना, अगदी वरच्या टोकाला. दुखऱ्या पायाचे स्नायू झिजतात. इथे फेब्रुवारीत ४२ होता, मेमध्ये ४०. सैल झालेला वेढा सरकतो आणि सरकणारा काठ जास्त घासतो. दोन्ही मांड्यांत फरक असेल तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या आवळा.

पट्ट्याचा एक धोकाही आहे. तो मज्जातंतूंचा आजार झाकून ठेवतो. मागची नखं वरच्या बाजूने झिजत असतील, पंजे फरपटत असतील, तर ते फक्त खुब्याचं दुखणं नाही. उभ्या कुत्र्याच्या पोटाखाली हाताचा आधार द्या आणि मागचा पंजा उलटा करून जमिनीवर टेकवा. निरोगी कुत्रा तो लगेच सरळ करतो. उलटाच राहिला तर पशुवैद्याला तसं स्पष्ट सांगा. जर्मन शेफर्डमध्ये तर दोन्ही आजार एकाच वयात येऊ शकतात.

आता खर्चाचा खरा हिशेब. घरातल्या व्हिट्रिफाइड फरशीवर १,१०० रुपयांचं रबरी मॅटिंग घातलं. दोन फूट रुंद, मीटरवर कापून मिळतं. अंथरुणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत सलग पट्टी. त्या आठवड्यापासून घरात पट्टा लागलाच नाही, आधी दिवसातून सहा-सात वेळा लागायचा. हे आधी केलं असतं तर बऱ्याच फेऱ्यांचं सोलवटणं टळलं असतं. सतरंजी घालू नका, ती फरशीवर कुत्र्यासकट सरकते. कोड्यासारखे जोडायचे फोमचे चौकोन स्वस्त आहेत, पण लघवी सांध्यांत मुरते. मॅटिंगच्या पट्ट्यांमध्ये एक फुटाचीही फट नको, कारण नेमका तिथेच पाय फाकतो. पंजाच्या गाद्यांमधले केस दर पंधरा दिवसांनी कापा आणि नखं इतकी ठेवा की उभं असताना फरशीला टेकणार नाहीत. लांब नखांचा कुत्रा मॅटवरही घसरतो.

वजनाबद्दल थोडक्यात. ३४ वरून ३१.५ किलो व्हायला पाच महिने लागले. शरीराच्या वजनाच्या सहा-सात टक्के घट झाली की लठ्ठ कुत्र्याचं लंगडणं कमी होतं, आणि इथेही तसंच दिसलं. खाणं वाटीने नाही, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅममध्ये मोजा. ग्लुकोज बिस्किटं आणि पोळीचे तुकडे घरातल्या प्रत्येकाकडून जातात, तेच आधी बंद करा. ४८ लॅब्रॅडोरवर जन्मभर चाललेला एक प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. पाव भाग कमी खाणाऱ्या गटाचं मध्यम आयुर्मान १३ वर्षं, दुसऱ्या गटाचं ११.२, आणि संधिवातही पहिल्या गटात उशिरा आला.

पट्टा वेदना कमी करत नाही. त्यासाठी औषध लागतं आणि ते पशुवैद्याच्याच हातून. मेलॉक्सिकॅम हे सूज आणि वेदना कमी करणारं औषध सहसा पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मिग्रॅ, नंतर रोज ०.१ मिग्रॅ, खाण्याबरोबर देतात. सुरू करण्याआधी आणि काही आठवड्यांनी यकृत-मूत्रपिंडाच्या रक्तचाचण्या करतात. त्यासोबत त्याच गटातलं दुसरं वेदनाशामक किंवा प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड चालत नाही, पोटात व्रण होऊ शकतात. उलटी, काळी शी, खाणं सुटणं, यातलं काही दिसलं तर पुढचा डोस न देता फोन करा. घरातली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन ‘अर्धी गोळी’ म्हणूनही देऊ नका. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर भारतात २००६ मध्ये बंदी आली ती गिधाडांसाठी, पण कुत्र्याच्या जठरासाठी आणि मूत्रपिंडांसाठीही ते धोक्याचंच. गॅबापेंटिन हे वेगळ्या गटातलं वेदनेवरचं औषध लिहून दिलं तर माणसांचं पातळ औषध आणू नका, त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असू शकतं आणि ते कुत्र्याला विष आहे.

मादी कुत्री असेल तर आधी पैसे वाचवा. जुनी सुती साडी किंवा चादर चौपदरी दुमडून वीत-सव्वा वीत रुंद पट्टी करा, पोटाखालून, मागच्या पायांच्या अगदी पुढून घ्या आणि दोन्ही टोकं एका हातात धरा. दहा-पंधरा मिनिटांच्या फेरीला तेवढं पुरतं, धुऊन तासाभरात वाळतं. पोटाचं ऑपरेशन झालेलं असेल किंवा पोटात गाठ असेल तर ही झोळी नको. नर कुत्र्यात ती लघवीच्या जागेवरच दाबते, तो लघवी रोखून धरतो. म्हणून नरासाठी मांडीचाच प्रकार घ्यावा लागतो आणि म्हणूनच त्या काठावर एवढं लिहिलं.

दुकानात बघत असाल तर वेढ्याच्या आत अंगठा घालून कडेने पूर्ण फिरवा. शिवण बोटाला टोचली तर ती जांघेला टोचणारच. माझ्यासारखा घेऊन बसला असाल तर वापरण्याआधीच काठ बदलून घ्या.

तुटलेलं बक्कल बदलताना पट्टीची रुंदी मोजा. माझ्याकडे ती २५ मिमी आहे. त्याच मापाचं, पट्टी ओवून अडकवायचं बक्कल मागा, म्हणजे शिवण लागत नाही. दुसऱ्या बाजूचंही तेव्हाच बदला, दोन्ही सारखीच झिजलेली असतात. बसवल्यावर पंधरा लिटरची भरलेली बादली हँडलला लटकवून दोन मिनिटं धरा, पट्टी सरकत नाही ना ते बघा, आणि मगच कुत्र्याला जिन्यावर न्या.