शंभर टक्के की टीडीआययू?
अमेरिकेतल्या माजी सैनिकाचं सेवेतून आलेलं अपंगत्व थेट शंभर टक्के ठरो वा त्याला टीडीआययू (टक्के कमी असूनही नोकरी टिकत नाही म्हणून मिळणारा शंभर टक्क्यांचा दर) मिळो, दरमहाच्या भरपाईची रक्कम सारखीच. फरक कळतो तो पुन्हा नोकरी धरताना.

थेट शंभर टक्केवाल्याला पगाराची मर्यादा नाही. (मानसिक आजारासाठी मिळालं असेल तर मात्र जपून, तिथे निकषातच काम न झेपणं येतं.)

टीडीआययू मुळात मिळतो तोच नोकरी टिकत नाही म्हणून. त्यासाठी साधारणपणे एकच अपंगत्व किमान 60 टक्के लागतं, किंवा एकूण 70 आणि त्यातलं एक 40. टीडीआययू घेताना नोकरीची वर्षाची कमाई तिथल्या केंद्र सरकारच्या दारिद्र्यरेषेखाली राहिली तर हरकत नाही. घरच्या दुकानासारख्या सांभाळून घेणाऱ्या जागी जास्तही चालू शकते. एरवी या रेषेवरच्या कमाईची नोकरी सलग 12 महिने टिकली, तरच लाभाला कात्री लागू शकते. अंदाज घ्यायला एवढी सवड मिळते, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.