प्रश्नावली की प्रत्यक्ष नोंद? पर्यटकांच्या वर्तनावर संशोधन करताना काय निवडावं

पर्यटन किंवा हॉटेल व्यवस्थापनात पीएच.डी. करणाऱ्याचा विषय तसा लवकर ठरतो. अडतं ते पुढच्या पायरीवर. माहिती गोळा कशी करायची? पाहुण्यांच्या हातात प्रश्नावली द्यायची, की ते काय करतात ते जागेवर जाऊन नोंदवायचं आणि मग त्यांच्याशी बोलायचं? मी दोन्ही केलंय. आधी प्रश्नावली, नंतर नोंदी आणि मुलाखती. सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, लिहायला बसलेल्या कुणाला उपयोग होईल म्हणून माझा अनुभव मांडतोय. ऑनलाइन रिव्ह्यूंचा तिसरा मार्गही आहे, पण तिथं नमुना आपण निवडत नाही, लिहिणारे स्वतःहून पुढे येतात. जोडीला तो चालेल. इथं बाजूला ठेवतो.

आधी प्रश्नावलीची बाजू, कारण ती कमकुवत नाही. या क्षेत्राचा बराचसा पाया तिच्यावरच उभा आहे. सेवेचा दर्जा तपासायचा असेल तर परशुरामन, झाइथामल आणि बेरी यांची 1988 ची 22 विधानांची मोजपट्टी तयार आहे. हेतू आणि वृत्ती यांचा अभ्यास असेल तर आयझेन यांची 1991 ची ‘नियोजित वर्तना’ची चौकट आहे. विधानं घ्यायची, आपल्या संदर्भात बसवायची, थोड्या लोकांवर पायलट करायचा, क्रोनबॅक अल्फा (विधानं एकमेकांशी किती सुसंगत आहेत ते सांगणारा आकडा) 0.7 च्या वर आला की पुढे जायचं. किती दिवसांत किती फॉर्म हवेत याचा हिशेब आधीच मांडता येतो. परीक्षकांना ही भाषा ओळखीची असते, त्यामुळे व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, पद्धतीवर फार वाद होत नाही. नोकरी सांभाळून पीएच.डी. करणाऱ्याला ही निश्चिंती किती मोलाची असते, हे मला माहीत आहे.

शिवाय काही गोष्टी विचारल्याशिवाय कळतच नाहीत. एखाद्या ठिकाणी न गेलेला माणूस का गेला नाही, हे त्या ठिकाणी उभं राहून दिसणार नाही. जाण्याआधी मनात त्या जागेची काय प्रतिमा होती, कशाची धास्ती वाटत होती, तेही नाही. आठवणीला कमी लेखण्यातही अर्थ नाही. विर्ट्झ आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये सुट्टीवर गेलेल्या विद्यार्थ्यांकडून तीन वेळा माहिती घेतली: जाण्याआधी, सुट्टी चालू असताना आणि परतल्यावर. पुन्हा तशीच सुट्टी घ्यावीशी वाटेल का, याचा अंदाज प्रत्यक्ष सुट्टीतल्या अनुभवावरून लागला नाही. मागे राहिलेल्या आठवणीवरून लागला. म्हणजे परतल्यावर भरून घेतलेला फॉर्म काही प्रश्नांसाठी अगदी योग्य साधन आहे. हे मी मनापासून मान्य करतो.

तरीही माझं मन प्रश्नावलीवरून उडालं, ते एका गोष्टीमुळे.

माझा विषय होता मुक्कामी पाहुण्यांचं पर्यावरणाबद्दलचं वागणं. पाणी, वीज, टॉवेल. एका हॉटेलच्या लॉबीत चेकआउटच्या वेळेला मी फॉर्म भरून घेत होतो. काही जण घाईत असायचे. एका गृहस्थांनी उभ्या उभ्याच ‘सहमत’च्या रकान्यात वरून खालपर्यंत टिका ओढत नेल्या. ‘टॉवेल रोज बदलून मिळायला हवा’ या विधानाशी ते सहमत, आणि ‘तोच टॉवेल दुसऱ्या दिवशी वापरायला माझी हरकत नसते’ याच्याशीही सहमत. असे फॉर्म ओळखता येतात. उलट अर्थाची दोनचार विधानं आत पेरली की ते पकडले जातात आणि वगळता येतात. त्यांचा मला त्रास झाला नाही.

त्रास झाला तो मन लावून भरलेल्या फॉर्मचा. एक बाई चांगल्या वीस मिनिटं बसल्या होत्या. प्रत्येक विधान वाचत होत्या, दोन ठिकाणी आधीची टिक खोडून नवी केली, शेवटच्या मोकळ्या जागेत पाण्याच्या टंचाईबद्दल चार ओळी लिहिल्या. असे फॉर्म बरेच होते. सगळ्यांचा सूर एकच: टॉवेल पुन्हा वापरतो, दिवे बंद करतो, खोलीत सूचना असेल तर पाळतो. त्या आठवड्याचा गठ्ठा घेऊन मी लिनन रूममध्ये, म्हणजे चादरी-टॉवेलांच्या खोलीत, गेलो, कारण हाउसकीपिंग सुपरवायझरांकडून धुलाईचे आकडे घ्यायचे होते. दारातच ट्रॉल्या लागलेल्या होत्या आणि त्यांत ओल्या टॉवेलांचे ढीग. रजिस्टर पुढे सरकवत सुपरवायझर बाई म्हणाल्या, “सर, कागदावर सगळेच टॉवेल परत वापरतात. धुवायला जातात ते मात्र आम्हाला मोजावे लागतात.” रजिस्टरमधला आकडा भरलेल्या खोल्यांच्या मानाने जवळपास रोज सगळे टॉवेल बदलल्याचा होता.

फॉर्म भरणारे खोटं बोलत नव्हते, आणि खरी अडचण तीच आहे. खोटं पकडता येतं. इथं माणूस स्वतःबद्दल जे खरं मानतो तेच लिहीत होता. फक्त घरी असतानाचा तो आणि सुट्टीवरचा तो यांत अंतर होतं, आणि माझ्या प्रश्नावलीत ते अंतर दिसायला जागाच नव्हती. पुढे युवान आणि डोल्निचार यांचा 2014 चा अभ्यास वाचला. घरी पर्यावरणासाठी सक्रिय असणाऱ्या 25 जणांशी ते दोघे सविस्तर बोलले होते. सुट्टीतलं त्यांचं वागणं त्या निष्ठेशी जुळत नव्हतं, आणि प्रत्येकाकडे त्याचं काही ना काही समर्थन होतं. ते वाचताना माझ्या गठ्ठ्यातले फॉर्म मला पहिल्यांदा नीट समजले.

हा प्रश्न नवा नाही, आणि योगायोग असा की त्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण हॉटेलांचंच आहे. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर 1930 ते 1932 या काळात एका चिनी दांपत्याबरोबर देशभर फिरले. तेव्हा चिनी लोकांविरुद्ध उघड पूर्वग्रह होता. मुक्कामाची आणि खाण्याची मिळून 251 ठिकाणं झाली. नकार फक्त एका ठिकाणी मिळाला. सहा महिन्यांनी त्यांनी त्याच ठिकाणांना पत्रानं विचारलं, चिनी पाहुणे स्वीकाराल का? 128 उत्तरं आली आणि नव्वद टक्क्यांहून जास्त जणांनी ‘नाही’ लिहिलं. 1934 मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्यावर आक्षेपही घेतले गेले: पत्राला उत्तर देणारा आणि काउंटरवर उभा असलेला माणूस एकच कशावरून, शिवाय गोरे लापिएर बरोबर होते त्याचाही परिणाम झालाच असेल. आक्षेप रास्त आहेत. पण कागदावरची आणि काउंटरवरची तफावत एवढी मोठी आहे की ती पूर्ण पुसली जात नाही. विशेष म्हणजे माझ्या बाबतीत कागद वागण्यापेक्षा चांगला निघाला, त्यांच्या बाबतीत वाईट. म्हणजे ठरावीक टक्के वजा करून उत्तर दुरुस्त करता येईल, अशी सोयही नाही.

त्यात आणखी एक गोष्ट. वृत्ती, समाधान आणि पुन्हा येण्याचा हेतू या तिन्ही गोष्टी आपण एकाच माणसाला, एकाच बैठकीत, एकाच कागदावर विचारतो. मग त्यांच्यात संबंध सापडतो. तो तिथं खरंच आहे, की विचारण्याच्या पद्धतीतून आलाय, हे वेगळं काढणं अवघड जातं. समान पद्धतीमुळे येणाऱ्या या दोषावर पॉडसाकॉफ आणि सहकाऱ्यांचा 2003 चा लेख बहुतेक प्रबंधांत उद्धृत केलेला असतो, त्याखाली एक चाचणी दाखवलेली असते, आणि विषय तिथं संपतो. माझ्या पहिल्या मसुद्यातही तसंच होतं. वृत्ती, समाधान आणि हेतू यांना जोडणाऱ्या आकृतीतले बाण सगळे जुळत होते. पाहुणे परत आले की नाही, हे मात्र त्या आकृतीतला एकही बाण सांगत नव्हता.

आता दुसरी बाजू. प्रत्यक्ष नोंद सोपी आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पहिली अडचण परवानगीची. फॉर्म ठेवायला मॅनेजर लगेच हो म्हणतात. धुलाईचं रजिस्टर दाखवायला सहज तयार होत नाहीत. मला तीन ठिकाणांहून नकार मिळाला, चौथ्या ठिकाणी होकार यायला जवळजवळ पाच महिने गेले. एथिक्स कमिटीचे प्रश्नही वाजवी असतात: माणसाला न सांगता तुम्ही त्याचं वागणं कोणत्या अधिकारानं नोंदवता? मी नाव, खोली क्रमांक काहीच घेतलं नाही, फक्त मजल्यामागे रोजचा आकडा घेतला. त्यामुळे एकूण वागणं कसं होतं हे कळलं, पण कोण कसं वागलं ते कळलं नाही, आणि ही मर्यादा प्रबंधात स्पष्ट लिहावी लागली.

मोजणं म्हणजे तरी काय, हेही आधी ठरवावं लागतं. दांडीवर टांगलेला टॉवेल म्हणजे ‘पुन्हा वापरणार’, जमिनीवर टाकलेला म्हणजे ‘बदला’, इतपत ठीक. पलंगावर टाकलेला? खुर्चीच्या पाठीवर वाळत घातलेला? एका रात्रीचा पाहुणा तर हिशेबातच धरता येत नाही, कारण त्याच्यासमोर पुन्हा वापरण्याचा प्रश्नच आलेला नसतो. आणि ज्या गोष्टीची मला कल्पनाही नव्हती ती अशी, की टांगलेले टॉवेलही काही रूम अटेंडंट सवयीनं उचलतात. खोली ‘झाली’ दिसली पाहिजे, ही त्यांची शिस्त. म्हणजे रजिस्टरमधला सगळा आकडा पाहुण्यांच्या माथी मारणं चूक होतं. लॉबीत बसून हे मला कधीच कळलं नसतं, आणि पाहुण्यांना विचारून तर नाहीच. नोंदीचा वेळखाऊ रस्ता मला पटला, त्यामागे या एका शोधाचा वाटा मोठा आहे.

या पद्धतीनं काय हाती लागतं, त्याचं माझ्या आवडीचं उदाहरण गोल्डस्टीन, चाल्डिनी आणि ग्रिस्केविशियस यांचं 2008 चं काम. न्हाणीघरातल्या कार्डावरचा मजकूर बदलून त्यांनी टॉवेल मोजले. टॉवेल पुन्हा वापरण्याचं प्रमाण पर्यावरण वाचवा असं लिहिलेल्या खोल्यांत 35.1 टक्के, तर बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात असं लिहिलेल्या खोल्यांत 44.1 टक्के. दुसऱ्या प्रयोगात ‘याच खोलीत राहिलेले पाहुणे’ असा उल्लेख केल्यावर प्रमाण 49.3 टक्क्यांपर्यंत गेलं. मागच्या पाहुण्याचं बघून तुम्ही वागाल का, असं प्रश्नावलीत विचारलं तर ‘हो’ म्हणणारे किती निघतील, असा मला प्रश्न पडतो. पुढे 2014 मध्ये बोनर आणि श्लुटर यांनी जर्मनीतल्या हॉटेलांत हेच करून पाहिलं, तेव्हा हा परिणाम तसा दिसला नाही. काहींना यात पद्धतीचा कमकुवतपणा दिसतो. मला उलट वाटतं. टॉवेल मोजलेले होते म्हणून दुसऱ्याला ते पुन्हा मोजता आले आणि मतभेद नेमका कुठे आहे ते दाखवता आलं.

नुसत्या मोजणीनं भागत नाही, हेही खरं. ‘काय’ कळतं, ‘का’ राहून जातं, म्हणून मुलाखती. तुमच्या गाइडना संख्या कमी वाटण्याची शक्यता आहे. त्यांना क्रॉम्प्टन यांचं 1979 चं काम दाखवा: 39 जणांशी मोकळ्या गप्पा, त्यातून सुट्टीवर जाण्यामागच्या नऊ प्रेरणा, आणि आज प्रेरणांवर लिहिणारा जवळपास प्रत्येक जण तिथूनच सुरुवात करतो. माझ्या मुलाखतींत एका पाहुण्यानं, मी काही विचारायच्या आधीच, सांगितलं की घरी टॉवेल कुणाला धुवावा लागतो हे माहीत असतं, इथं माहीत नसतं. हे विधान माझ्या प्रश्नावलीत कुठेच नव्हतं, आणि असतं तरी माझ्या शब्दांत असतं.

तेव्हा निवड कशी करावी? तुमचा प्रश्न प्रतिमा, धास्ती, अपेक्षा, आठवण यांच्याबद्दल असेल, तर प्रश्नावली घ्या. हातात वर्षभरच असेल आणि कुठल्याही हॉटेलात ओळख नसेल, तरीही कदाचित तीच बरी. अर्धवट नोंदींपेक्षा नीट केलेलं सर्वेक्षण केव्हाही चांगलं. पण शीर्षकात ‘वर्तन’ हा शब्द असेल, तर निदान एक आकडा असा मिळवा जो पाहुण्यानं स्वतः लिहिलेला नाही. धुलाईचं रजिस्टर, मीटरचं रीडिंग, ताटात उरलेल्या अन्नाचं वजन, परत आलेल्यांची नोंद, काहीही चालेल. कॅल्बेकेन आणि सेलेन यांनी 2013 मध्ये हॉटेलांतलं उरलेलं अन्न मोजून दाखवलं, की ताटाचा आकार थोडा लहान केला तर वाया जाणारं अन्न सुमारे वीस टक्क्यांनी घटतं. त्यासाठी पाहुण्यांना एकही प्रश्न विचारावा लागला नाही.

गाइड प्रश्नावलीवरच ठाम असतील तरी मला वाटतं एक करता येईल. विधानं गोठवायच्या आधी दोन आठवडे लिनन रूममध्ये किंवा फ्रंट ऑफिसच्या मागच्या खोलीत काढा. सकाळची शिफ्ट धरा, साडेदहा ते एक. खोल्या तेव्हाच रिकाम्या होतात. वही जवळ असू द्या, पण पहिले दोन दिवस काही लिहू नका, नाहीतर रूम अटेंडंट बोलायच्या थांबतात. तिसऱ्या दिवशी त्या स्वतःच सांगायला लागतात की कुठले टॉवेल टांगलेले होते आणि तरी का उचलले.