राजकीय संदेशाच्या मांडणीचा ऑनलाइन अभ्यासक्रम : सराव उत्तम, पुराव्यांची बाजू लंगडी

राजकीय संदेश आपल्या वर्तुळाबाहेरच्या लोकांनाही पटावा यासाठी तो कसा मांडावा, हे शिकवणारा सहा आठवड्यांचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. मी एका नागरी प्रश्नावर पत्रके आणि भाषणांचे मसुदे लिहिते, आणि त्यांना दाद मिळते ती बहुतांशी आधीच पटलेल्यांची, ही माझी जुनी अडचण आहे. या अभ्यासक्रमाने ती काही अंशी दूर केली. त्याचे श्रेय मात्र जवळपास सगळे तिसऱ्या आठवड्याला द्यावे लागेल.

त्या आठवड्यात प्रत्येकाने आपला चालू मसुदा घेऊन तो विरोधी मताच्या वाचकासाठी पुन्हा लिहायचा असतो. माझा विषय रस्त्यावर बससाठी स्वतंत्र मार्गिका राखण्याचा होता आणि मोजक्या माणसांच्या मोटारींनी सगळा रस्ता व्यापणे हा बसप्रवाशांवर अन्याय आहे, असे माझे पहिलेच वाक्य होते. मार्गदर्शकांनी ते खोडले नाही. हे पत्रक ज्याच्या हातात पडणार आहे तो मोटारीतच बसलेला असेल, तर पहिल्या ओळीत त्याला आरोपी ठरवल्यावर दुसरी ओळ त्याने का वाचावी, एवढेच त्यांनी समासात विचारले. दुसऱ्या मसुद्यात मी मोटारचालकाचा वेळ कसा वाचेल हे सांगितले; तोही परत आला, कारण एखाद्याला फायदा दाखवणे आणि त्याला मोलाच्या वाटणाऱ्या गोष्टीशी आपली मागणी जोडणे यांत फरक आहे, आणि मी पहिल्यावरच थांबले होते. तिसऱ्या खेपेला मी शिस्तीपासून सुरुवात केली: ज्याची त्याची जागा ठरलेली असली की थांब्याकडे वळणारी बस मोटारीपुढे अचानक आडवी येत नाही आणि मोटारही थांब्यासमोर ठाण मांडून बसत नाही. मागणी तीच होती आणि आकडेही तेच होते. मोटारींच्या वाट्याची एक मार्गिका कमी होणार, ही गोष्ट झाकू नका, असे मार्गदर्शकांनी वर बजावले, आणि त्या एका सूचनेसाठी मी त्यांची ऋणी आहे.

या सरावामागे मॅथ्यू फाइनबर्ग आणि रॉब विलर यांचे 2015 मधील संशोधन आहे. समोरच्याच्या नैतिक मूल्यांना धरून युक्तिवाद लिहा, असे सांगितले तरी बहुतेक माणसे स्वतःच्याच मूल्यांची भाषा बोलत राहतात, असे त्यांना आढळले. उदारमतवाद्यांपैकी दर दहांमागे एकालाही परंपरावाद्यांच्या मूल्यांना साद घालणारा मजकूर साधला नव्हता. माझे पहिले दोन मसुदे समोर असताना हा निष्कर्ष वेगळा पटवून देण्याची गरज उरली नाही.

पहिला आठवडा मात्र दिशाभूल करणारा वाटला. अमोस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमन यांचा 1981 चा प्रसिद्ध प्रयोग तेथे मोठ्या थाटात सांगितला जातो: एका काल्पनिक साथीत 600 जणांचा जीव धोक्यात असताना ‘200 वाचतील’ असे म्हटले तर 72 टक्के लोक जोखमीचा पर्याय सोडून तो खात्रीचा पर्याय निवडतात, आणि त्याच पर्यायाला ‘400 मरतील’ असे म्हटले तर जेमतेम 22 टक्के. प्रयोग खराच आहे. परंतु शब्द बदलला की मत बदलते, हा त्यातून काढलेला धडा ताणलेला आहे. त्या काल्पनिक साथीबद्दल कोणाचे पूर्वग्रह नव्हते, त्यात पक्ष नव्हते आणि उलट बोलणारा प्रतिस्पर्धीही नव्हता. डेनिस चाँग आणि जेम्स ड्रकमन यांनी 2007 मध्ये नेमका हाच मुद्दा हाताळला होता, म्हणजे दोन विरोधी मांडण्या एकाच वेळी कानावर पडल्या तर काय होते, कारण प्रत्यक्ष प्रचारात तसेच घडत असते. साऱ्या अभ्यासक्रमात त्याचा उल्लेखही नाही.

शब्दांच्या निवडीवरील सत्र त्या मानाने संतुलित आहे. ‘जागतिक तापमानवाढ’ घडते आहे असे मानणारे रिपब्लिकन 44 टक्के आणि ‘हवामानबदल’ मानणारे 60 टक्के, तर डेमोक्रॅट समर्थक दोन्ही शब्दांना सुमारे 87 टक्के, ही 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीतील आकडेवारी तेथे नीट समजावून सांगितली जाते. शब्द कोणासाठी बदलायचा आणि कोणासाठी तो बदलून काहीच फरक पडत नाही, हे त्यातून स्वच्छ दिसते. वारशाच्या संपत्तीवरील कराला ‘मृत्यूकर’ म्हणण्याचा अमेरिकेतील प्रकार मात्र केवळ हुशारीचा नमुना म्हणून दाखवला गेला. तो कर फारच थोड्या श्रीमंत वारसांना लागतो, हे सांगायला हवे होते. अन्यथा हे सगळे ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ या थाटाचे शिक्षण होते. नीतीच्या प्रश्नाला शेवटच्या सत्रात अर्धा तास मिळतो आणि त्यातलाही बराचसा शंकानिरसनात जातो.

सर्वांत मोठी उणीव ऐकण्याची आहे. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला यांनी 2016 मध्ये दाखवले की, दारावर जाऊन सुमारे दहा मिनिटे समोरच्याला बोलते केले, त्याचा स्वतःचा अनुभव ऐकून घेतला, तर पूर्वग्रहात झालेली घट तीन महिन्यांनंतरही टिकून होती. हा अभ्यासक्रम केवळ लिखित मजकुराचा आहे असे म्हणून ते वगळणे मला पटत नाही, कारण मोटारचालकाला शिस्त मोलाची वाटते हे मला कोणत्याही तक्त्यातून कळले नव्हते. ते माझ्या मोठ्या भावाशी झालेल्या वादातून कळले होते.

मार्गदर्शकांचे अभिप्राय वेळेवर आणि सविस्तर येतात, ध्वनिमुद्रण स्पष्ट आहे. नाव नोंदवताना स्वतःचा अर्धवट लिहिलेला मसुदा हाताशी असावा, कारण तो नसलेल्यांना सरावासाठी जे तयार विषय दिले जातात ते इतके गुळगुळीत आहेत की त्यांना विरोध करणारा माणूस शोधूनही सापडू नये.